घोडा का अडला? मुंबईत नोकरी सांभाळून शो-रिंगपर्यंत

भाकरी का करपली, विड्याची पानं का सडली, घोडा का अडला? आजीनं घातलेल्या या कोड्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं: न फिरवल्यामुळे. मला ते शब्दशः खरं असल्याचं कळलं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी. मी ज्याच्यावर बसते तो बंड्या दहा मिनिटांच्या ट्रॉटनंतर (दुडक्या चालीनंतर) जागच्या जागी थांबला. मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक, अंगावर घाम, पाय पुढे पडेना. ऑफिसच्या तिमाही हिशेबांमुळे मी चार दिवस पागेत फिरकले नव्हते आणि त्याचा खुराक मात्र रोजच्याइतकाच चालू होता. त्याचा दाणा कमी करायला सांगायचं मीच विसरले होते.

इंग्रजीत याला टाइंग-अप म्हणतात आणि त्याचं जुनं नाव ‘सोमवारचा आजार’. गाड्या ओढणारे घोडे रविवारी उभे राहायचे, दाणा पूर्ण खायचे आणि सोमवारी जुंपले की स्नायू धरायचे. असं झालं तर घोड्याला ‘चालवून मोकळा’ करायला जाऊ नका. तिथेच थांबवा, खोगीर उतरवा, पाणी पुढे ठेवा, पशुवैद्याला फोन करा. लघवी तपकिरी दिसली तर तेही सांगा, कारण तुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडांवर येत असतं. बंड्या बरा झाला, पण त्या वर्षीचा शो गेला. खाली जे लिहिलंय ते त्यानंतरच्या तीन वर्षांत शिकलेलं आहे. नोकरी करून, पहिली लोकल पकडून, स्पर्धेत उतरू पाहणाऱ्यांसाठी.

शिलेदार व्हायचं की बारगीर

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर. मुंबईतल्या हौशी स्वारानं पहिली दोन-तीन वर्षं खुशाल बारगीर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घोडा विकत घेणं हा खर्चाचा छोटा भाग. पुढे चारा, दाणा, सईसाचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार, नालबंद, औषधं, विमा, खोगिराची दुरुस्ती हे महिन्याच्या महिन्याला येतं आणि घोडा लंगडत असला तरी येतं. त्यापेक्षा क्लबचा किंवा खासगी मालकाचा घोडा लीजवर घ्या: आठवड्यातले ठरावीक दिवस तुमचे, ठरावीक रक्कम तुमची. करार तोंडी ठेवू नका. दवाखान्याचा खर्च कोणाचा, शोला नेण्याची परवानगी आहे का, घोडा जायबंदी झाला तर महिन्याचे पैसे द्यायचे का, हे कागदावर हवं.

सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन उत्साहाच्या भरात घोडा घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ती यात्रा जरूर पाहा, मारवाडी-काठियावाडी घोड्यांची ऐट डोळ्यांत साठवा आणि रिकाम्या हातानं परत या.

मुंबईत तुमच्या वाट्याला बहुधा येईल तो शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. धाडसी, हुशार, आणि त्याच्या डोक्यात वेगळीच शाळा झालेली. शर्यतीत लगाम ताणला की त्यावर भार टाकून अजून पळायचं, असं तो शिकलेला असतो. म्हणजे घाबरून तुम्ही लगाम ओढलात की त्याच्या मते तुम्ही ‘चल’ म्हणालात! बरेचदा त्याला पाठीवर कोणी बसत असताना स्थिर उभं राहायची सवय नसते, कारण जॉकीला चालता-चालता उचलून वर बसवतात. शिवाय तो वर्षानुवर्षं एकाच बाजूनं वळत आलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं वर्तुळ त्याला खरोखर अवघड जातं. तो हट्टीपणा करतोय असं समजून टाच मारू नका.

घोडा ठरवण्याआधी त्याला कडक जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट करताना पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना मान वर जाते. मग चारही पायांच्या नळ्यांवरून, घोट्यापर्यंत, सावकाश हात फिरवा. एका पायाला दुसऱ्यापेक्षा ऊब जास्त लागली तर तिथे काहीतरी शिजतंय. हे रोज करायचं. महिन्याभरात तुमच्या तळहाताला त्या घोड्याचे पाय पाठ होतात.

कोणत्या प्रकारात उतरायचं

नवख्यांसाठी खरे पर्याय दोन: ड्रेसाज आणि शो-जंपिंग. ड्रेसाजमध्ये आखलेल्या चौकोनात ठरलेल्या चाली क्रमानं करून दाखवायच्या आणि प्रत्येक चालीला 0 ते 10 गुण. शो-जंपिंगमध्ये अडथळे क्रमानं पार करायचे आणि चुकांचे दंड मोजायचे.

ड्रेसाज कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटायचं. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनी आलेलं पहिलं सुवर्ण. त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. त्यानंतर पागेत येणाऱ्या मुलांच्या तोंडी ड्रेसाज आलं. त्यांचे घोडे आणि त्यांचं युरोपातलं प्रशिक्षण ही वेगळीच दुनिया आहे, पण पाया तोच: 20 मीटरचं वर्तुळ आणि सरळ थांबणं. आधी एक वर्ष प्राथमिक ड्रेसाज, मग 60 ते 80 सेंटिमीटरच्या उड्या, हा क्रम मी सुचवेन. ज्याला वळता येत नाही तो अडथळ्यापर्यंत नीट पोचतच नाही.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारातला अमॅच्युअर रायडर्स क्लब हे शहरातलं या खेळाचं जुनं ठिकाण. तिथे राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धाही झाल्या आहेत. स्पर्धा असेल तेव्हा उतरण्याआधी एक पूर्ण दिवस नुसतं कठड्याशी उभं राहून पाहा. जिंकणाऱ्यापेक्षा वॉर्म-अपच्या मैदानात लक्ष ठेवा, शिकण्यासारखं सगळं तिथे घडतं.

मुंबईचं पंचांग

शोचा हंगाम हिवाळ्याचा, म्हणून तयारी उलटी मोजायची. शो जानेवारीत असेल तर खरं काम ऑक्टोबरपासून. त्याआधीचा पावसाळा नुसता टिकून राहण्याचा.

पावसात मैदान चिखलाचं असतं आणि खुरं कायम ओली. खुराच्या तळाशी असलेल्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या मऊ भागाला फ्रॉग म्हणतात. त्याच्या बाजूच्या खाचांत काळा, चिकट मळ आणि नाकात बसणारी सडकी घाण आली की तो थ्रश. दिवसातून दोनदा खूर उकरणं, ठाण कोरडं ठेवणं आणि नालबंदाला वेळेवर बोलावणं एवढ्यानं बराचसा टळतो. नालबंद साधारण दर सहा आठवड्यांनी हवाच. ‘नाल अजून शाबूत आहे की’ म्हणून पुढे ढकलू नका. नाल झिजला नसला तरी खूर वाढलेलं असतं आणि पायाचा कोन बदललेला असतो.

मग येतो ऑक्टोबर. दमट उकाड्यात घाम वाळत नाही, त्यामुळे घोडा थंड होत नाही. सकाळी सातच्या आत काम उरका. काम संपल्यावर अंगावर गार पाणी ओतत राहा, निथळवा, पुन्हा ओता. घोड्याच्या घामातून भरपूर मीठ जातं, म्हणून दाण्यात रोज 30 ग्रॅमच्या आसपास साधं मीठ आणि पुढे कायम स्वच्छ पाणी. साधारण 450 किलोचा घोडा थंडीतही दिवसाला 25-30 लिटर पितो, उकाड्यात कितीतरी जास्त. आपल्या हवेत काही घोड्यांचं घामच येणं बंद होतं. काम झाल्यावर सगळे घोडे ओले आणि एकटा कोरडा, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भराभर, असं दिसलं तर ‘छान, दमलाच नाही’ म्हणून खूश होऊ नका. काम थांबवा, पाणी ओता आणि पशुवैद्याला दाखवा.

घरी थर्मामीटर असतो तसा पागेतही ठेवा. निरोगी घोड्याचं तापमान 37.5 ते 38.3 अंश सेल्सिअस, विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44. तुमच्या घोड्याचे नेहमीचे आकडे दारामागे खडूनं लिहून ठेवा.

आठवडा कसा भरायचा

मला आठवड्यात चार दिवस मिळतात: मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार. उरलेले दिवस घोडा उभा राहता कामा नये, कोड्याची आठवण ठेवा. सईसाशी नीट बोलून घ्या. आमचे चाचा तीस वर्षं घोड्यांत आहेत. सोमवारी-बुधवारी ते बंड्याला हातात धरून अर्धा तास चालवतात, शुक्रवारी लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा, गवत पूर्ण. घोड्याचं पोट लहान आणि सतत चरण्यासाठी बनलेलं. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं किंवा जास्त खाल्लेलं पुढेच जाणार आणि पोटदुखी उठवणार. वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा, दाणा थोडा-थोडा करून तीन वेळा, आणि दाण्यानंतर किमान तासभर काम नाही. सकाळी चाचा म्हणाले, “मॅडम, आज इसका मूड नहीं है,” तर मी वाद घालत नाही. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर निघतं. दहाव्या वेळी बंड्यानं त्यांनाही फसवलेलं असतं.

पाऊण तासाची रपेट अशी: दहा मिनिटं सैल लगामावर चाल, दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी ट्रॉट, मग वीस मिनिटं एकच विषय, शेवटी पुन्हा चाल. एकच विषय म्हणजे एकच. आज थांबणं, तर थांबणं.

आता त्या 20 मीटरच्या वर्तुळाबद्दल, कारण पहिल्या शोमध्ये निम्मे गुण इथेच सांडतात. लहान ड्रेसाज मैदान 20 बाय 40 मीटरचं. कडेनं अक्षरांच्या पाट्या: आत शिरायच्या बाजूला ए, समोर सी, लांब बाजूंच्या मध्यावर ई आणि बी, कोपऱ्यांजवळ के, एच, एम, एफ. मैदानाच्या मध्यबिंदूला एक्स म्हणतात, तिथे पाटी नसते. ए वरून वर्तुळ काढायचं तर ते ए ला, दोन्ही लांब बाजूंना आणि एक्सला, एवढ्या चारच ठिकाणी शिवतं. लांब बाजूला ते कोपऱ्यापासून 10 मीटरवर शिवलं पाहिजे. के आणि एफ मात्र कोपऱ्यापासून 6 मीटरवर असतात. नवखा स्वार पाटी दिसते म्हणून तिच्याकडे जातो, कोपऱ्यात घुसतो, मग एक्सच्या पलीकडे वाहवत जातो आणि वर्तुळाचं होतं अंडं. उपाय साधा: पाटीच्या पुढे 4 मीटरवर एक प्लास्टिकचा शंकू ठेवा, दुसऱ्या बाजूला तसाच, एक्सवर तिसरा. शंकूच्या आतून पंधरवडाभर फिरा, मग शंकू काढा. घोडा तोच गोल फिरतो, अंडं काढत होतो ते आपण.

सगळ्याच्या मुळाशी मांड. आपल्या भाषेत पक्क्या बैठकीला ‘मांड’ असा स्वतंत्र शब्द आहे, तो उगाच नाही. आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाला लंजिंगच्या दोरीवर घोडा धरायला सांगा आणि रिकिबी काढून वीस मिनिटं बसा. लगाम हातात नाही, पाय लोंबते. पहिल्या महिन्यात मांड्यांचे आतले स्नायू असे दुखतात की लोकलच्या पुलाचे जिने उलटे उतरावेसे वाटतात. पण नंतर थांबायला सांगताना हात मागे जात नाही. कंबर स्थिर होते, श्वास सुटतो आणि घोडा थांबतो. लगामावर रेलून पळणाऱ्या निवृत्त शर्यतपटूला सुधारायचा हाच एक रस्ता मला सापडलाय.

उड्यांची सुरुवात जमिनीवरच्या बांबूंनी. ट्रॉटसाठी दोन बांबूंत साधारण 1.3 मीटर, कँटरसाठी (ट्रॉटपेक्षा वेगवान चालीसाठी) 3 मीटर. घोड्याची लय बिघडली तर अंतर बदला, घोड्यावर ओरडू नका. उडी आठवड्यातून एकदाच. पायांच्या शिरांना (टेंडन्सना) तेवढंच झेपतं.

कागदपत्रं आणि कपडे

क्लबच्या अंतर्गत शोला सदस्यत्व आणि प्रवेश अर्ज बहुधा पुरतो. राष्ट्रीय पातळीला भारतीय घोडेस्वारी महासंघाकडे स्वाराची आणि घोड्याची नोंदणी लागते आणि घोड्याचा पासपोर्ट, लसीकरणाच्या नोंदींसह. हे काम शोच्या आधी दोन महिने सुरू करा. स्पर्धेचं शिड्यूल छापून घ्या आणि कोणतं कडियाळ (लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग) चालतं, चाबूक चालतो का, टेस्ट (ड्रेसाजच्या चालींचा ठरलेला क्रम) दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेली चालते का, या तीन ओळींखाली रेघ मारा. प्राथमिक ड्रेसाजला साधं स्नॅफल कडियाळ पुरतं.

कपडे: पांढरी किंवा क्रीम ब्रीचेस (स्वारीची घट्ट विजार), गडद कोट, बूट, हातमोजे आणि पट्टा असलेलं चांगलं हेल्मेट. कोट, बूट उसने चालतील. हेल्मेट स्वतःचं, नवं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. आणि पांढरी ब्रीचेस घालून लोकलनं जाऊ नका. मी गेले होते. चर्चगेटच्या गाडीत दाराशी उभ्या असलेल्या मावशींच्या मासळीच्या पाटीनं निकाल लावला.

शोचा दिवस

आदल्या दिवशी घोड्याला हलकं काम द्या, मग आंघोळ आणि खरारा. आयाळीच्या वेण्या पहाटे घालायच्या, ओल्या कंगव्यानं, सारख्या जाडीच्या. त्या घालायला मला दीड तास लागतो, चाचांना पस्तीस मिनिटं.

वॉर्म-अपच्या मैदानात समोरून कोणी आलं की आपला डावा हात त्याच्या डाव्या हाताकडे ठेवून जायचं. शेपटीला लाल फीत दिसली तर लांब राहा, तो घोडा लाथ मारतो. आपला नंबर यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं पुरे, उकाड्यात त्याहून कमी. घरी जमत नाही ते तिथे शिकवायला जाऊ नका.

जंपिंग असेल तर आधी मैदान पायी फिरू देतात. इथे पावलं मोजायची. कँटरची एक ढांग साधारण 3.6 मीटर, म्हणजे आपली 90 सेंटिमीटरची चार पावलं. उडीनंतर टेकायला दोन आणि पुढच्या उडीआधी उचलायला दोन पावलं धरा. दोन अडथळ्यांत 12 पावलं भरली तर मध्ये दोन ढांगा, 16 तर तीन, 20 तर चार. नेमकं 90 सेंटिमीटरचं पाऊल अंगात बसायला मी आमच्या गच्चीवर टेप लावून महिनाभर चालत होते. शेजारच्या काकांनी “कसलं व्रत घेतलंय?” असं विचारलं. लाल झेंडी कायम उजव्या हाताला, पांढरी डाव्या हाताला. प्रत्येक वळण तुम्ही घोड्यावरून घेणार तसंच रुंद चाला, लोक इथे कोपरे कापतात आणि मग वर बसल्यावर चकतात.

घंटा वाजली की सुरुवातीची रेषा ओलांडायला 45 सेकंद असतात. घाई नको, पुरेसा वेळ आहे: एक शांत वर्तुळ, कँटर, मग रेषा. बांबू पडला तर 4 दंडगुण, घोडा अडला तरी 4, पुन्हा-पुन्हा अडला किंवा तुम्ही पडलात तर बाद. नजर पुढच्या अडथळ्यावर ठेवा. पहिल्या शोमध्ये मी दुसऱ्या अडथळ्याच्या फुलांकडे पाहिलं आणि बंड्यानंही पाहिलं. तो थांबला, मी त्याच्या मानेवर. अडला तो फिरवला नव्हता म्हणून नव्हे, त्या वेळी चूक डोळ्यांची होती.

ड्रेसाजमध्ये मध्यरेषेवरून आत यायचं, एक्सवर थांबायचं, परीक्षकांना नमस्कार करायचा. थांबल्यावर तीन आकडे मनात मोजा, नाहीतर सलाम चालू असतानाच घोडा पुढे निघतो. पुढची चाल विसरलात तर घंटा वाजेल, थोडे गुण जातील, परीक्षक सांगतील तिथून पुन्हा सुरू करा. जग बुडत नाही.

नंतर

रिंगमधून बाहेर आल्यावर आधी खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) दोन भोकं सैल करा, मग फोटो. श्वास शांत होईपर्यंत चालवा, पायांवर दहा मिनिटं गार पाणी सोडा, पाणी पाजा. दाणा तासाभरानं.

ड्रेसाजची गुणपत्रिका हातात येते. समजा एकूण 200 पैकी 116 मिळाले, म्हणजे 58 टक्के. पहिल्यांदा एवढे आले तर पेढे वाटा. आकड्यापेक्षा उजवीकडच्या रकान्यातले दोन-तीन शब्द महत्त्वाचे. माझ्या पहिल्या पत्रिकेत ‘वर्तुळ गोल नाही’ असं तीन ठिकाणी होतं. ती मी दाण्याच्या पिंपावर चिकटवली आणि दुसऱ्याच आठवड्यात शंकू विकत आणले.

दुसऱ्या दिवशी, कितीही झोप येत असली, तरी पागेत जा. घोड्याला कडक जमिनीवर सरळ ट्रॉट करवून पाहा, चारही नळ्यांवरून हात फिरवा, ऊब तपासा, अर्धा तास हातात धरून चालवा. दाणा निम्मा. आणि हे सईसाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.